आंबा लंडनला, बंदी ब्रसेल्सची: युरोपीय संघाच्या परराष्ट्र व्यवहाराचा कायदा

१ मे २०१४ पासून भारतीय आंब्याला युरोपचे दरवाजे बंद झाले. आंब्याबरोबर वांगी, कारली, पडवळ आणि अळूही अडकलं. आदल्या वर्षी भारतातून गेलेल्या फळं-भाज्यांच्या २०७ खेपांमध्ये फळमाशी आणि इतर किडी सापडल्या, हे कारण सांगितलं गेलं. हंगाम ऐन भरात होता. आपल्याकडून युरोपात जाणारा बहुतेक आंबा ब्रिटनमध्ये खपत असे, त्यामुळे तिथल्या व्यापाऱ्यांनी आणि खासदारांनी आवाज उठवला. पण लंडनच्या सरकारने मनात आणलं असतं तरी एकट्याने ही बंदी उठवणं त्याच्या हातात नव्हतं. ब्रिटन तेव्हा युरोपीय संघात होता आणि बाहेरून येणाऱ्या फळं-रोपांवरच्या किडींचे नियम संघाने कधीच आपल्या कायद्यात बांधून टाकले होते. २०१५ च्या सुरुवातीला आंब्यावरची बंदी उठली, तीही संघाचं मुख्यालय असलेल्या ब्रसेल्सच्याच कागदाने.

बीड-जालन्याचा केसर असो, वसमतची हळद असो की वाळूजचे नटबोल्ट, युरोपला माल पाठवणारा बहुधा पहिल्यांदा विचारतो की करारात काय लिहिलंय. त्याच्या आधीचा प्रश्न राहून जातो: सही करायचा हक्क कोणाचा? जमीन ज्याच्या नावावर नाही त्याच्याकडून खरेदीखत करून घेतलं, तर मजकूर कितीही चांगला असला तरी फेरफार होत नाही. युरोपीय संघाच्या परराष्ट्र व्यवहाराचा सगळा कायदा याच प्रश्नाभोवती फिरतो.

सातबारा कोणाच्या नावावर

संघात आज २७ देश आहेत, लोकसंख्या साधारण ४५ कोटी. प्रत्येक देशाचं सैन्य, झेंडा, वकिलाती स्वतःच्या. संघ ही या देशांनी करार करून उभी केलेली वेगळी कायदेशीर व्यक्ती आहे. १ डिसेंबर २००९ ला लिस्बन करार लागू झाला, तेव्हापासून संघाच्या मूळ कराराच्या कलम ४७ मध्ये एका ओळीत तसं लिहिलेलं आहे. म्हणून तो स्वतःच्या नावाने करार करतो, जागतिक व्यापार संघटनेत सदस्य म्हणून बसतो, दिल्लीत आपलं प्रतिनिधी मंडळ ठेवतो.

पण नाव असणं वेगळं आणि अधिकार असणं वेगळं. संघाचा अधिकार मुखत्यारपत्रासारखा आहे. देशांनी जे लिहून दिलं तेवढंच त्याला करता येतं. जे लिहून दिलं नाही ते देशांकडेच राहतं. भारतात नेमकं उलटं आहे. शेती राज्यांच्या सूचीत असली, तरी घटनेच्या कलम २५३ मुळे परदेशाशी केलेला करार अमलात आणायला केंद्र शेतीवरही कायदा करू शकतं. महाराष्ट्राची संमती त्यासाठी लागत नाही. ब्रसेल्सला इतकी मोकळीक नाही, म्हणून तिथे प्रत्येक करारावर आधी घरातच भांडण होतं.

परराष्ट्र व्यवहाराचा हक्क कोणाकडे, हा प्रश्न मराठवाड्याने जवळून पाहिलेला आहे. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबाद संस्थानाने भारताविरुद्ध संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार नेली. तिथे तक्रारीत तथ्य किती, यापेक्षा आधी आडवा आला तो प्रश्न असा: हैदराबादला या दारात उभं राहायचा हक्क तरी आहे का? १७ सप्टेंबरला संस्थानाचा प्रश्न मिटला आणि काही दिवसांत निजामाने ती तक्रार मागे घेतली.

संघाच्या मुखत्यारपत्रात विषयांचे ढोबळ गट आहेत. पहिला गट संघाच्या एकट्याच्या नावावरचा: जकात संघ, परदेशांशी व्यापाराचं धोरण, बाजारातल्या स्पर्धेचे नियम, समुद्रातल्या मासळीचं जतन आणि युरो वापरणाऱ्या देशांचं चलन धोरण. जकात संघ समजायला करोडगिरी आठवावी. निजामाच्या राज्याच्या हद्दीवर करोडगिरीचे नाके असत, माल आत येताना तिथे वसुली होई. संघाने बाहेरच्या हद्दीवर सगळीकडे एकच दर लावला आणि आतले नाके काढून टाकले. न्हावाशेवाचा कंटेनर रॉटरडॅमला उतरला काय, हँबुर्गला काय, शुल्क तेच, आणि एकदा भरलं की माल वॉर्साला जाईपर्यंत पुन्हा शुल्क लागत नाही. असं असताना एखाद्या देशाने स्वतःचा वेगळा दर ठरवला, तर सगळा माल त्याच्याच बंदरातून घुसेल. म्हणून जर्मनीच्या मंत्र्याने शेंद्र्याला येऊन आयातशुल्क कमी करण्याचा शब्द दिला, तर त्याला चहा पाजावा, पण त्या शब्दावर ऑर्डर घेऊ नये. त्याच्या सरकारला ब्रसेल्सच्या परिषदेत, म्हणजे सगळ्या देशांच्या मंत्र्यांच्या बैठकीत, एक मत आहे, एवढंच.

दुसरा गट सामाईक खात्याचा: पर्यावरण, वाहतूक, ऊर्जा, शेती, ग्राहक संरक्षण. इथे संघाने पाऊल टाकलं नसेल तोवर देश स्वतः करू शकतात. तिसरा म्हणजे परराष्ट्र आणि सुरक्षा धोरण. त्याची रीतच वेगळी, त्याकडे शेवटी येऊ.

ट्रकचालकाची झोप आणि कोरलेला बांध

सामाईक खात्यात प्रत्येकाचा हिस्सा ठरलेला असतो. संघात तो सरकतो, आणि कायम एकाच दिशेने. याची सुरुवात १९७१ च्या एका निकालाने झाली, कायद्याच्या पुस्तकात त्याला एईटीआर म्हणतात.

विषय साधा होता. ट्रकचालकाने सलग किती तास गाडी हाकावी आणि मध्ये किती विश्रांती घ्यावी. सहा देशांच्या तेव्हाच्या समुदायाने, म्हणजे संघाच्या आधीच्या रूपाने, १९६९ मध्ये यावर आपला अंतर्गत नियम केला. त्याच सुमारास जिनिव्हात युरोपातल्या इतर देशांना घेऊन याच विषयावर एक मोठा करार घाटत होता आणि तिथे हे सहा देश आपापल्या नावाने बसले होते. समुदायाचा कारभार पाहणाऱ्या युरोपीय आयोगाने परिषदेविरुद्ध दावा लावला. अडचण अशी की वाहतुकीबाबत परदेशांशी करार करायचा अधिकार मूळ करारात समुदायाला कुठेही दिलेला नव्हता.

समुदायाच्या (आता संघाच्या) लक्झेंबर्गमधल्या न्यायालयाने ३१ मार्च १९७१ ला सांगितलं की समुदायाने एखाद्या विषयात सामाईक नियम केले, की त्या नियमांना धक्का लावील असा बाहेरचा करार करायचा हक्क देशांकडे उरत नाही. एकेकट्याने नाही आणि मिळूनही नाही. आतला कायदा जिथवर पोचला तिथवर बाहेरचा हक्कही पोचला. गंमत म्हणजे आयोग हा खटला हरला. बोलणी जुन्या काळातच सुरू झाली होती, म्हणून न्यायालयाने ती मोडली नाहीत. खटला गेला आणि तत्त्व मिळालं. आयोगाच्या दृष्टीने सौदा फायद्याचाच ठरला.

हेच तत्त्व आज संघाच्या कार्यपद्धतीच्या करारात कलम ३(२) म्हणून लिहिलेलं आहे. गावाकडे दरवर्षी नांगरताना वीतभर बांध कोरला जातो आणि दहा वर्षांनी मोजणी आणली की शेजाऱ्याच्या लक्षात येतं, तसं इथे चालतं. प्रत्येक नव्या अंतर्गत कायद्याबरोबर देशांचा बाहेरचा हक्क थोडा कमी होतो. बंदी आलेल्या आंब्याचं गणितही हेच. शेती सामाईक खात्यात आहे, पण रोपं आणि किडींवर संघाचा पूर्ण कायदा आधीच झालेला होता, म्हणून ब्रिटनच्या हाती काही उरलं नव्हतं.

भारताशी बोलणी तीन पाटांवर का

भारत आणि संघ यांच्यात व्यापार कराराची बोलणी जून २००७ मध्ये सुरू झाली, २०१३ मध्ये थंडावली आणि जून २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. नव्याने सुरू होताना विषयाचे तीन तुकडे केले गेले: व्यापार, गुंतवणुकीचं संरक्षण आणि भौगोलिक मानांकनं, म्हणजे ठरावीक प्रदेशातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क. अनेकांना वाटलं की भारताने तसं मागितलं असेल. यातला गुंतवणुकीचा तुकडा वेगळा ठेवण्यामागे सिंगापूरची कहाणी आहे.

सिंगापूरशी संघाने एकच मोठा करार ठरवला होता, त्यात गुंतवणूकही होती. सही करण्याआधी आयोगाने न्यायालयाला विचारलं की हा सगळा करार संघाला एकट्याने करता येईल का. कार्यपद्धतीच्या कराराच्या कलम २१८(११) मध्ये अशी सोय आहे: करार होण्याआधीच न्यायालयाचं मत मागायचं, आणि मत विरुद्ध आलं तर करार तसाच पुढे नेता येत नाही. १६ मे २०१७ ला आलेल्या मत क्रमांक २/१५ ने जवळजवळ सगळंच संघाच्या पदरात टाकलं: वस्तू, सेवा, सरकारी खरेदी, थेट गुंतवणूक, अगदी कामगार आणि पर्यावरणाच्या अटीसुद्धा. दोनच गोष्टी सामाईक राहिल्या. एक, शेअर-रोख्यांसारखी, कंपनीवर ताबा न देणारी गुंतवणूक. दुसरी, गुंतवणूकदाराने देशाला थेट लवादापुढे खेचायची सोय, कारण तिच्यामुळे देशांच्या स्वतःच्या न्यायालयांना वगळलं जातं.

या दोन गोष्टी करारात असतील तर सगळ्या देशांच्या सह्या आणि त्यांच्या संसदांच्या मान्यता लागतात. त्याला मिश्र करार म्हणतात. सामाईक जमिनीचं खरेदीखत जसं: पुण्याला गेलेला भाऊ, सासरी असलेली बहीण, सगळ्यांना निबंधक कार्यालयात आणावं लागतं आणि एक जण अडला की सगळं अडतं. म्हणून संघाने सिंगापूरच्या कराराचे दोन भाग केले. व्यापाराचा भाग एकट्याच्या सहीने २१ नोव्हेंबर २०१९ ला लागू झाला. गुंतवणूक संरक्षणाचा भाग सगळ्या देशांच्या मान्यतेसाठी वर्षानुवर्षं फिरत राहिला. व्हिएतनामचंही तसंच, व्यापार करार १ ऑगस्ट २०२० ला चालू झाला. व्हिएतनामच्या तयार कपड्यांवरचं शुल्क तेव्हापासून टप्प्याटप्प्याने खाली येत गेलं, आणि कापूस-सुताच्या धंद्यातल्या आपल्या लोकांना ती तारीख आठवत असेल.

मिश्र करार अडतो कसा, हे कॅनडाच्या वेळी दिसलं. ऑक्टोबर २०१६ मध्ये सह्यांची तारीख ठरलेली असताना बेल्जियमच्या वालोनिया प्रांताने नकार दिला. बेल्जियमच्या घटनेत प्रांतांनाही आपापल्या विषयात परदेशी करारावर हक्क आहे, त्यामुळे प्रांत अडला की बेल्जियम अडतो, बेल्जियम अडला की करार. वालोनियाची लोकसंख्या साधारण ३६ लाख. २०११ च्या जनगणनेत औरंगाबाद जिल्ह्याची ३७ लाख होती. एका जिल्ह्याएवढ्या प्रांताने कोट्यवधी लोकांचा करार थोपवून धरला आणि आश्वासनं पदरात पाडून घेतल्यावर ३० ऑक्टोबरला सह्या झाल्या. २१ सप्टेंबर २०१७ पासून तो 'तात्पुरता' लागू आहे, म्हणजे संघाच्या हक्कातला भाग चालतो आणि बाकीचा मान्यतांची वाट पाहतो. युरोपच्या कायद्यात तात्पुरतं हा शब्द आपल्या तात्पुरत्या शेडसारखाच आहे. एकदा उभं राहिलं की वर्षानुवर्षं हलत नाही.

बातमी कोणत्या टप्प्याची आहे

वाटाघाटी पूर्ण झाल्या अशी बातमी आली की व्यापारी लगेच पुढच्या महिन्याचे दर काढायला बसतात. तिथेच चूक होते. सिंगापूरशी बोलणी संपली २०१४ मध्ये, माल नव्या दराने गेला २०१९ मध्ये. मधल्या वाटेचे टप्पे कलम २१८ मध्ये आहेत आणि ते ओळखता आले की बातमी बरोबर वाचता येते.

आयोग परिषदेकडे परवानगी मागतो. परिषद म्हणजे २७ देशांचे मंत्री. ते परवानगी देतात आणि बोलणी कशी करायची याच्या सूचना घालून देतात. भारताशी व्यापारावर बोलायला आयोगाचे अधिकारी येतात, पॅरिस-बर्लिनचे येत नाहीत. मात्र देशांच्या प्रतिनिधींची समिती आयोगाच्या खांद्यावरून सतत बघत असते. बोलणी संपली की मजकुराची कायदेशीर छाननी होते आणि तो संघाच्या २४ अधिकृत भाषांमध्ये उतरवला जातो. याला महिने जातात आणि याच काळात शब्दावरून नव्याने कुरबुरी निघतात. मग परिषद सहीला मंजुरी देते. सही झाली म्हणजे करार लागू झाला असं होत नाही. त्यानंतर युरोपीय संसदेची संमती लागते. संसदेला मजकुरात काना-मात्राही बदलता येत नाही, फक्त हो किंवा नाही म्हणता येतं. ती नाही म्हणतच नसेल असं समजू नये: ४ जुलै २०१२ ला नकली मालाविरुद्धचा एसीटीए करार संसदेने ४७८ विरुद्ध ३९ मतांनी फेटाळला, आणि तो तिथेच संपला. संसदेनंतर परिषद अखेरचा निर्णय घेते आणि दोन्ही बाजू एकमेकांना कळवतात. करारात लिहिलेल्या मुदतीनंतर नवे दर सुरू होतात.

परिषदेत मतदान कसं, हेही बघावं लागतं. साधारण नियम असा की किमान ५५ टक्के देश, म्हणजे २७ पैकी १५, आणि त्यांच्यात संघाची किमान ६५ टक्के लोकसंख्या हवी. अडवायला निदान चार देश एकत्र यावे लागतात. काही विषयांत मात्र एकमत लागतं, तिथे माल्टाही जर्मनीइतकाच जड.

आणखी एक, आपल्याशी थेट जोडलेलं. १९९४ पासून लागू असलेल्या भारत-संघ सहकार्य करारातच मानवी हक्क आणि लोकशाही ही कराराची मूलभूत बाब असल्याचं लिहिलेलं आहे. पोर्तुगालने त्यावर दावा लावला होता: असं कलम घालायचा अधिकार संघाला नाही, देशांच्याही सह्या हव्यात. ३ डिसेंबर १९९६ ला न्यायालयाने दावा फेटाळला. अशी कलमं संघ इतर करारांतही घालत गेला, आणि त्यांचा कायदेशीर पाया भारताशी झालेल्या करारावरच्या या निकालात आहे.

करार नसलेला कायदा

मराठवाड्याच्या मालाला रोज लागणारी बहुतेक कुलपं करारात नाहीतच. ती संघाने एकतर्फी केलेल्या कायद्यांत आहेत. त्यावर दिल्लीची सही लागत नाही.

कीटकनाशकांच्या अवशेषांचा नियम घ्या, क्रमांक ३९६/२००५. ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमची सरसकट मर्यादा लागते. दहा टन मालात मिळून १०० मिलिग्रॅम, चिमूटभरही नाही. २०१० मध्ये भारतीय द्राक्षं वाढरोधक क्लोरमेक्वाटच्या अवशेषांपायी युरोपात अडकली. शेतकऱ्यांचं म्हणणं होतं की आम्ही शिफारशीप्रमाणेच वापरलं. ते खरं असूनही उपयोग नव्हता, कारण आपली शिफारस एका यादीवर होती आणि युरोपची मर्यादा दुसऱ्या. २०२० मध्ये तिळात इथिलीन ऑक्साइड सापडलं, मर्यादा ०.०५ मिलिग्रॅम. त्या ऑक्टोबरपासून भारतीय तिळाच्या निम्म्या खेपांची सीमेवर तपासणी सुरू झाली. अशा तपासणीचं प्रमाण सापडलेल्या दोषांप्रमाणे वाढतं किंवा उतरतं, म्हणजे एका निर्यातदाराच्या चुकीची झळ सगळ्यांना बसते. हळदवाल्यांनी ध्यानात ठेवावं की वाळवलेल्या मालात पाणी उडालेलं असतं, त्यामुळे ओल्या कंदात मर्यादेत असलेला अवशेष सुक्या हळदीत जास्त दिसतो. नियमात हा फरक मोजायची सोय आहे, पण प्रयोगशाळेच्या अहवालात तो लिहून घ्यावा लागतो.

लोखंडावरचा कार्बन कर, ज्याला सीबॅम म्हणतात, १ ऑक्टोबर २०२३ पासून नुसत्या माहितीसाठी सुरू झाला आणि १ जानेवारी २०२६ पासून पैशासकट लागू झाला. लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत, हायड्रोजन आणि वीज त्यात येतात. जालन्याच्या सळया बहुतांश देशातच खपतात. वाळूज-चिकलठाण्याकडून जाणारे बोल्ट, नट, स्क्रू मात्र शुल्क क्रमांक ७३१८ खाली येतात आणि तो क्रमांक यादीत आहे. पैसे भरायचे युरोपातल्या आयातदाराने. वर्षाला एकूण ५० टनांपर्यंत आणणाऱ्याला सूट आहे. २०२६ च्या मालाचं विवरणपत्र त्याला सप्टेंबर २०२७ पर्यंत भरायचं आहे, आणि त्यासाठी तो आपल्याकडे माहिती मागतो: पोलाद कोणत्या भट्टीतलं, वीज किती, एका टनामागे कार्बन किती. माहिती दिली नाही तर संघाने ठरवलेला सरसकट आकडा धरला जातो आणि तो मुद्दाम चढा ठेवलेला असतो. बोल्ट बनवणारा म्हणतो, भट्टी माझी नाही. बरोबर आहे, म्हणूनच पट्टी-सळई विकत घेतानाच पुरवठादाराकडून आकडे लेखी घ्यावेत. मागाहून मिळत नाहीत.

या कायद्याचा आधार कोणता हे पाहण्यासारखं आहे. संघाने तो व्यापाराच्या कलमावर उभा केला नाही, पर्यावरणाच्या कलम १९२(१) वर केला. लोक त्याला कर म्हणत असले, तरी कायद्यात कर म्हणून केला असता तर सगळ्या देशांचं एकमत लागलं असतं आणि एका देशाने तो गाडला असता. पर्यावरण म्हटल्यावर बहुमतात भागलं. भारत त्याला व्यापारातला अडथळा म्हणतो, आणि त्या म्हणण्यात दम आहे. पण ब्रसेल्सच्या दप्तरात तो व्यापाराच्या फायलीत नाही.

लातूरच्या मोंढ्यातल्या सोयाबीनला असंच एक कुलूप येऊ घातलंय: जंगलतोडविरोधी नियम, २०२३/१११५. सोयाबीन, तेल, पेंड सगळं त्यात आहे. ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून काढलेल्या जमिनीतला माल नको, एवढाच त्याचा अर्थ, आणि मराठवाड्यात तो पाळणं सोपं. जड जातो तो पुरावा. माल ज्या शेतात पिकला त्याचे अक्षांश-रेखांश दशांशाच्या सहा स्थळांपर्यंत द्यायचे. चार हेक्टरपर्यंतच्या तुकड्याला एक बिंदू पुरतो, त्याहून मोठ्याला हद्दीची पूर्ण आखणी. आडतीवर शंभर शेतकऱ्यांचा माल एकाच ढिगात मिसळला की ती साखळी तिथेच तुटते. नियमाची अंमलबजावणी दोनदा पुढे ढकलली गेली. तोवर निदान एखाद्या शेतकरी कंपनीने वेगळा ढीग आणि वेगळी नोंद ठेवून बघायला हरकत नाही.

दाद कुठे मागायची

जागतिक व्यापार संघटनेचे नियम मोडले म्हणून युरोपचा कायदा लक्झेंबर्गच्या न्यायालयात पाडता येतो का? सहसा नाही. हा निकालही भारताशी जोडलेला आहे. भारत आणि पाकिस्तानशी संघाने कापडाच्या बाजाराबाबत समझोते केले, त्यांना पोर्तुगालने आव्हान दिलं. २३ नोव्हेंबर १९९९ ला न्यायालय म्हणालं की हे नियम सरकारांनी आपसात सोडवायचे आहेत. त्यांच्या आधारे आम्ही संघाचे कायदे तपासत बसलो तर संघाला बोलणी करायला जागा उरणार नाही.

मग रस्ता कोणता, हे सुती चादरींच्या वादात दिसलं. संघाने १९९७ मध्ये भारत, पाकिस्तान आणि इजिप्तच्या सुती चादरी-अभ्र्यांवर डंपिंगविरोधी शुल्क लावलं. डंपिंग म्हणजे घरच्या भावापेक्षा स्वस्तात परदेशात माल ओतणं. हिशेब करताना ज्या वाणांमध्ये डंपिंग दिसलं ते धरले, ज्यांत उलटा फरक होता ते शून्य मानले. सरासरी साहजिकच फुगली. भारत सरकार जागतिक व्यापार संघटनेत गेलं आणि २००१ मध्ये जिंकलं. पण आधी भरलेलं शुल्क त्या विजयाने परत मिळत नव्हतं. शेवटी एका मोठ्या आयातदाराने ब्रिटनच्या न्यायालयात परतावा मागितला, प्रश्न लक्झेंबर्गला गेला आणि २७ सप्टेंबर २००७ ला ती शून्याची पद्धत संघाच्या स्वतःच्याच डंपिंगविरोधी नियमाशी विसंगत ठरली. व्यापार संघटनेचा निकाल आधार म्हणून चालला नाही, घरचा नियम चालला.

त्यातून व्यवहारात उतरवायचं ते असं: डंपिंगच्या चौकशीत नाव आलं तर प्रश्नावलीचं उत्तर मुदतीत द्यावं, आपला हिशेब नोंदीवर आणावा. शुल्काच्या नियमात कारखान्याचं नाव आलं असेल तर संघाच्या न्यायालयात थेट दावा लावता येतो, मुदत दोन महिने आणि अंतरासाठी दहा दिवस. दाव्यात संघाच्या नियमांचं उल्लंघन दाखवावं, जागतिक नियमांचं दिल्लीवर सोडावं.

निर्बंधांचा वेगळा मार्ग

परराष्ट्र आणि सुरक्षा धोरणात देशांनी सातबारा आपल्याच नावावर ठेवला आहे. निर्णय एकमताने होतो, संसदेला फारसा वाव नाही आणि न्यायालयाला बहुतेक ठिकाणी दार बंद. निर्बंध दोन पायऱ्यांनी येतात: आधी सगळ्या देशांचा एकमताचा राजकीय निर्णय, मग कलम २१५ खाली बँका-कंपन्यांना बांधणारा नियम. रशियावरचे आर्थिक निर्बंध दर सहा महिन्यांनी नव्याने एकमताने वाढवावे लागतात, म्हणून जुलै आणि जानेवारीत एखाद्या देशाच्या रुसव्याच्या बातम्या येतात. यादीत नाव आलेल्याला मात्र न्यायालयात जाता येतं. कादी नावाच्या माणसाच्या खटल्यात ३ सप्टेंबर २००८ च्या निकालात तर न्यायालयाने म्हटलं की नाव सुरक्षा परिषदेच्या यादीतून आलं असलं, तरी माणसाला आपली बाजू मांडू दिल्याशिवाय त्याची मालमत्ता गोठवून ठेवता येणार नाही.

एक दार सरकारांच्या करारासाठी न थांबता ठोठावता येतं, ते भौगोलिक मानांकनाचं. जालना मोसंबी, बीड सीताफळ, मराठवाडा केसर यांचं मानांकन भारतापुरतं आहे. युरोपात ते आपोआप चालत नाही. पण परदेशी उत्पादकांच्या गटाला आयोगाकडे थेट अर्ज करता येतो. दार्जिलिंग चहाची २०११ मध्ये आणि कांगडा चहाची २०२३ मध्ये युरोपात अशी नोंद झाली. पैठणीला पूर्वी तिथे कायदाच नव्हता, कारण नोंद फक्त शेतमाल, खाद्यपदार्थ आणि पेयांची होत असे. १ डिसेंबर २०२५ पासून हस्तकला आणि औद्योगिक वस्तूंसाठी वेगळा नियम लागू झाला आहे आणि अर्ज स्पेनमधल्या अलिकांते इथल्या बौद्धिक संपदा कार्यालयात जातो. अर्जाला मूळ देशात संरक्षण असल्याचा पुरावा लागतो, वस्तूचं तपशीलवार वर्णन लागतं: धागा कोणता, पदर कसा विणतात, कोणतं काम पैठण-येवल्याच्या हद्दीतच व्हायला हवं. अर्ज प्रसिद्ध झाला की हरकतींसाठी तीन महिने असतात.